उपाशी कोण? : श्रावणातील कहाण्यांतला उपवास आणि अन्नदान

मराठीत ‘उपाशी’ हे एकच विशेषण दोन अगदी भिन्न माणसांना लागते. घरात धान्याची कणगी भरलेली असून ज्याने एकादशीला अन्न वर्ज्य केले, तो दिवसभर उपाशी. आणि घरात दाणा नसल्यामुळे ज्याची चूल पेटली नाही, तोही उपाशीच. विशेषणाने पुसलेला हा भेद क्रियापदे मात्र राखतात. पहिला उपास ‘धरतो’ आणि ‘सोडतो’; दुसऱ्याला उपास ‘पडतात’, किंवा तो ते ‘काढतो’. या दोहोंच्या मध्ये ‘उपास घडणे’ असा एक तिसरा प्रयोग आहे आणि तो सर्वांत सूचक आहे. महाशिवरात्रीच्या कथेतील व्याधाला शिकार मिळत नाही, म्हणून तो रात्रभर भुकेला राहतो. त्याला उपास ‘घडतो’ आणि त्याचे पुण्य त्याच्या पदरी पडते. पडलेल्या उपासाला घडलेला उपास म्हटले, की भुकेचे पुण्य होते. भूक मात्र होती तेवढीच राहते.

शब्दांचा हा गुंता व्रताचरणातील एका जुन्या प्रश्नाशी निगडित आहे. उपवास करणाऱ्याचा आणि उपाशी असणाऱ्याचा परस्परांशी संबंध काय? धर्मशास्त्रावरील निबंधांनी याचे एक उत्तर दिले, श्रावणातील कहाण्यांनी दुसरे दिले, आणि गोदाकाठच्या संतचरित्रांत या दोन उत्तरांची झटापट दिसते. परभणी जिल्हा या विषयाला अनायासे मध्यवर्ती ठरतो. जनाबाईंचे गंगाखेड या जिल्ह्यात आहे. नामदेवांचे जन्मगाव म्हणून मानले जाणारे नरसी १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत याच जिल्ह्यात होते. आणि आषाढीसाठी शेगावहून पंढरपुरास निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड या वाटेनेच जाते. वाटेवरची गावे वारकऱ्यांना जेवू घालतात, आणि वारीची सांगता एकादशीच्या उपवासाने होते. अन्नदान वाटेवर आणि उपवास मुक्कामी, अशी ही रचना आहे. दोन्ही आचार एकाच यात्रेत गोवलेले असले, तरी ते करणारी माणसे वेगवेगळी आहेत. खिलवणारा गावी राहतो आणि जेवलेला पुढे जाऊन उपवास करतो.

‘उपवास’ या शब्दाच्या मुळाशी अन्नत्याग नाही. उप + वस्, म्हणजे जवळ राहणे, एवढाच धात्वर्थ आहे. शतपथ ब्राह्मणाच्या आरंभीच या शब्दाची जी उपपत्ती आली आहे, ती फार बोलकी आहे. यजमान उद्या यज्ञ करणार हे ओळखून देव आदल्या दिवशीच त्याच्या घरी येतात आणि त्याच्याजवळ राहतात; म्हणून तो दिवस उपवसथाचा. घरी आलेली माणसे जेवली नसता यजमानाने आधी जेवणे अनुचित. मग देव जेवले नसता जेवणे किती अनुचित, असा तेथील युक्तिवाद आहे. ब्राह्मणग्रंथांतील व्युत्पत्त्या पुष्कळदा ओढूनताणून केलेल्या असतात, हे खरे. परंतु येथे शब्दाची घडण निर्विवाद आहे, आणि अर्थाचे स्पष्टीकरण त्या काळच्या समजुतीचा पुरावा म्हणून तरी घेतलेच पाहिजे. या समजुतीनुसार उपवास हा आतिथ्याचा भाग आहे. पाहुण्याच्या आधी आपण जेवू नये, एवढाच त्याचा आशय. बौद्धांचा ‘उपोसथ’ आणि जैनांचा ‘पोसह’ ही याच शब्दाची भावंडे होत.

पुढील काळात हा पाहुणा अर्थातून निघून गेला. पापापासून परावृत्त झालेल्याचा सद्गुणांच्या सान्निध्यातील वास तो उपवास, अशी व्याख्या निबंधग्रंथांत रूढ झाली. ‘जवळ राहणे’ टिकले. पण जवळ कोणी माणूस किंवा देव राहिला नाही, गुण राहिले. उपवास हा स्वतःचा स्वतःशी करावयाचा व्यवहार झाला.

हा बदल पूर्णतेस गेलेला पाहावयाचा असेल, तर देवगिरीच्या हेमाद्रीकडे वळावे लागते. महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप असलेल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड संग्रह सिद्ध केला. जिंतूर तालुक्यातील चारठाण्यासारख्या गावांतील जुन्या देवळांना लोक आजही हेमाडपंती म्हणतात. त्याच्या ग्रंथाची आठवण मात्र अभ्यासकांपुरतीच उरली आहे. या ग्रंथात व्रतखंड वेगळा आणि दानखंड वेगळा. ही केवळ प्रकरणांची सोय नव्हे. व्रतामध्ये दान येते ते प्रामुख्याने उद्यापनाच्या वेळी, व्रत पुरे झाल्याची पावती म्हणून, आणि ते घेणारा असतो विधी सांगणारा ब्राह्मण. दानाच्या विचारात ‘पात्र’ ही संज्ञा केंद्रस्थानी असते. पात्रता विद्येवर, आचारावर, कुळावर ठरते, गरजेवर नव्हे. अन्नदानापुरता धर्मशास्त्राने अपवाद केला आणि भुकेला तोच अन्नाचे पात्र असे मानले, ही गोष्ट त्या परंपरेला भूषणावह आहे. तरीही तो अपवादच राहिला. त्याचा नियम झाला नाही.

लोकभाषेने मात्र ग्रंथांची ही वाटणी मानली नाही. ‘सदावर्त’ हा शब्द ‘सदाव्रत’ या शब्दाचे रूपांतर आहे; नित्य चालणारे व्रत म्हणजे आल्यागेल्याला रोज अन्न वा शिधा देणे, असा त्याचा अर्थ झाला. ‘अन्नछत्र’ या शब्दात छत्राचा काही संबंध नाही. मूळ शब्द ‘सत्र’, म्हणजे अनेक दिवस चालणारा सोमयाग. यज्ञाचे नाव जेवणावळीला मिळाले, आणि मग मूळ विसरल्यावर लोकांनी त्यात छत्र पाहिले. व्रत आणि सत्र हे दोन्ही शब्द देवघरातून आणि यज्ञमंडपातून निघून स्वयंपाकघरात आले. ‘उपवास’ हा शब्द मात्र उलट दिशेने गेला. तो पाहुण्याच्या पंक्तीतून निघाला आणि एकट्याच्या पुण्यसंचयात जाऊन बसला. या शब्दाचा हरवलेला अर्थ मराठीत कोठे टिकून राहिला असेल, तर तो श्रावणातील वारांच्या कहाण्यांत होय.

या कहाण्यांकडे मराठी समीक्षेने फारसे गंभीरपणे पाहिलेले नाही. किंकेड यांनी १९१४ साली त्यांतील काही कहाण्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने इंग्रजीत आणल्या आणि नावातच त्यांना बालकथांच्या रांगेत बसवले. इकडे सुधारकी दृष्टीने त्या बायकांच्या भाबडेपणाचा नमुना ठरल्या. दोन्ही मतांत एक गोष्ट सुटते. या कहाण्या उपवासाच्या दिवशी, उपवास करणाऱ्या बायकांनी, तांदळाचे चार दाणे हातात घेऊन ऐकावयाच्या आहेत. श्रोती स्वतः त्या क्षणी उपाशी आहे, आणि कहाणी तिला दुसऱ्या कोणा उपाशी माणसाविषयी सांगते. या परिस्थितीपासून कहाणी तोडली, की तिचा निम्मा अर्थ जातो.

सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्यावी. राजाच्या मनात येते की महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. दवंडी पिटवली जाते, आणि गावातील सगळे दूध देवळात येते. वासरांना पाजलेले नाही, मुलांना दिलेले नाही. राजाच्या धाकाने घराघरांतली भांडी रिकामी झाली आहेत. एवढे दूध ओतूनही गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरातले काम आटोपते, मुलाबाळांना, लेकीसुनांना खाऊपिऊ घालते, वासरांना तृप्त करते, आणि उरलेले जरासे दूध घेऊन देवळात येते. ते ओतताच गाभारा भरतो. राजाने पाळत ठेवून तिला पकडल्यावर ती अभय मागते आणि मगच कारण सांगते.

हा ‘मग’ महत्त्वाचा आहे. म्हातारीचे कृत्य राजाज्ञेचा भंग आहे हे तिला ठाऊक आहे, आणि कहाणीलाही. दवंडी सगळ्या दुधाची होती; तिने आधी घरच्यांचा वाटा काढला. भक्तीची परीक्षा म्हणून ही कहाणी सांगितली जाते, पण तिचे मर्म क्रमात आहे: आधी कोण, नंतर कोण. शतपथ ब्राह्मणात पाहुण्याआधी यजमानाने जेवू नये. येथे वासराआधी देवानेही पिऊ नये. एका अर्थी कहाणी ब्राह्मणग्रंथाच्याही पुढे जाते. तेथे देव पाहुणा म्हणून पहिला होता. येथे तो घरातील वडीलधाऱ्या माणसासारखा सर्वांत शेवटी पानावर बसतो.

शुक्रवारच्या कहाणीत हाच विचार कडवटपणे येतो. श्रीमंत भाऊ सहस्रभोजन घालतो. गरीब बहीण, आमंत्रण चुकून राहिले असेल असे समजून, मुलांना घेऊन जेवायला जाते. अंगावर दागिना नाही, धड वस्त्र नाही. तिच्याकडे पाहून लोक हसतात म्हणून भाऊ तिला पुन्हा येऊ नकोस असे बजावतो, आणि तिसऱ्या दिवशी हात धरून घालवून देतो. सहस्रभोजन हे दानखंडात शोभावे असे पुण्यकर्म आहे. त्यात संख्या आहे, तूप आहे, पंक्ती आहेत. आणि त्याच पंक्तीतून उपाशी मुले उठवली जातात. ‘पात्र’ या शब्दाचा ताट किंवा भांडे हा अर्थ आणि दानास योग्य व्यक्ती हा अर्थ या कहाणीत जणू समोरासमोर येतात. बहिणीच्या पुढे पात्र मांडलेले होते, परंतु भावाच्या लेखी ती पात्र नव्हती. पुढे तिला ऐश्वर्य येते, भाऊ आग्रहाने जेवायला बोलावतो, आणि ती अंगावरचे दागिने पाटावर काढून एकेका दागिन्यावर एकेक पक्वान्न ठेवते. मराठी लोककथेत उपहासाचा इतका नेमका आणि इतका शांत प्रसंग दुसरा क्वचितच आढळेल. ज्या व्रतामुळे तिला भाग्य आले त्याचे साहित्य काय, तर हळदकुंकू, दूधसाखर आणि फुटाणे. सहस्रभोजनाच्या खर्चाशेजारी मूठभर फुटाणे ठेवून कहाणीने आपला निर्णय दिला आहे.

परंतु शब्दाच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण कहाणी रविवारची, आदित्यराणूबाईची आहे. हिच्यातील एक प्रसंग असा : कहाणी सांगावयाची तर ती ऐकणारा उपाशी हवा, म्हणून नगरात कोणी उपाशी आहे काय, याचा शोध घेण्यासाठी डांगोरा पिटला जातो. आधी सापडतो मोळीविक्या; नंतर ज्याचा मळा सुकला आहे असा माळी, आणि मुलांना मुकलेली म्हातारी. विधीच्या भाषेत ‘उपाशी’ म्हणजे ज्याने आज अन्न घेतलेले नाही तो, अर्थात शुचिर्भूत श्रोता. मोळीविक्याने व्रत केलेले नाही. त्याची मोळी अजून विकली गेलेली नाही, एवढेच. कहाणी दोघांना एकच शब्द लावते आणि त्या श्लेषाच्या जोरावर त्याला व्रताचा अधिकारी करून टाकते. सहा मोत्यांपैकी तीन त्याला मिळतात, तीन सांगणारीच्या हाती राहतात. सांगणारी आणि ऐकणारा यांचा वाटा समान. हेमाद्रीच्या व्यवस्थेत जो फार तर अन्नदानाच्या अपवादात बसला असता, तो येथे विधीचा आवश्यक घटक झाला आहे. त्याच्यावाचून व्रत पुरेच होत नाही.

येथवर कहाण्यांची बाजू मांडली. त्यांचा दोषही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. मोळीविक्याची मोळी सोन्याची होते. शनिवारच्या कहाणीत दरिद्री घरातील धाकटी सून दाराशी आलेल्या कुष्ठरोग्याला न्हाऊमाखू घालून जेवू घालते. तो शनिदेव निघतो आणि घर संपन्न होते. म्हणजे भुकेला माणूस जोवर निव्वळ भुकेला आहे तोवर कहाणीला त्याच्याशी कर्तव्य आहे खरे. पण ती त्याला तसा फार वेळ राहू देत नाही. तो देव तरी ठरतो, नाहीतर श्रीमंत तरी होतो. पहिल्या प्रकारात दान हे देवाला दिलेले कर्ज होते, आणि ते व्याजासह परत येते. दुसऱ्या प्रकारात दारिद्र्य हा एक गैरसमज होता, असे वाटू लागते. उद्या पुन्हा मोळी बांधावयाची आहे आणि उद्याही ती विकली जाईलच असे नाही, ही वस्तुस्थिती आटपाट नगराच्या वेशीत शिरत नाही.

चमत्कारावाचून उपवास आणि अन्नदान यांची सांगड कशी घातली जाते, हे पाहण्यासाठी याच जिल्ह्यातील मुसलमान समाजाचा आचार शेजारी ठेवणे उपकारक ठरेल. परभणीसारख्या, निजामी अमलात १९४८ पर्यंत राहिलेल्या शहरात रमजानचा महिना हा सगळ्यांच्याच परिचयाचा. तेथे ही सांगड नियमाने घातलेली आहे. आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे ज्याला रोजे धरणे शक्य नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबास जेवू घालावे, अशी ‘फिदया’ची तरतूद कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातच आली आहे. घरातील प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलामागेसुद्धा, ‘फितरा’ द्यावयाचा असतो आणि तो ईदच्या नमाजापूर्वी पोचवावा लागतो. गरिबाच्याही घरी त्या दिवशी सण व्हावा, हा त्यातील हेतू. वर्षभर शिलकीत राहिलेल्या धनाच्या शेकडा अडीच भागाची जकात निराळीच. येथे मोळी सोन्याची होत नाही. एकाच्या न जेवण्याचा आणि दुसऱ्याच्या जेवण्याचा हिशेब समोरासमोर मांडला जातो, इतकेच. नियमाच्या या कोरडेपणात एक लाभ असा, की घेणाऱ्याला देव व्हावे लागत नाही. तोटाही आहे. नियमात बसणारी मदत पोचवली, की त्यापलीकडे दाराशी आलेल्याचे काय, हा प्रश्न नियमाला स्वतःहून पडत नाही; तो माणसाला पडावा लागतो.

भाषेने या बाबतीतही आपले मत नोंदवून ठेवले आहे. उर्दूत रोजा ‘रखते’ आणि ‘खोलते’ हे क्रियापद. मराठीत मात्र रोजा ‘धरतात’ आणि ‘सोडतात’. उपासाची क्रियापदे जशीच्या तशी रोज्याला लावून मराठीने दोघांना एका पंक्तीत बसवले. ‘खैरात’ या शब्दाच्या वाट्याला तसा मान आला नाही. मुळात चांगली कृत्ये, पुण्यकृत्ये असा अर्थ असलेला हा अरबी शब्द मराठीत आज अपव्ययाच्या किंवा मतलबी वाटपाच्या निंदेसाठीच अधिक वापरला जातो. दात्याच्या चांगुलपणावर भाषेचा फार दिवस विश्वास बसत नाही, असे यावरून म्हणावे काय? ‘दानधर्म’ हा संस्कृत जोडशब्द या दुर्गतीतून वाचला आहे. त्याचे कारण तो अधिक निर्मळ आहे असे नसून, रोजच्या बोलण्यात तो तितका झिजलेला नाही, हे असावे.

आता नामदेवांच्या चरित्रातील त्या अवघड कथेकडे वळता येईल. नाभादासांच्या ‘भक्तमाळे’वर प्रियादासांनी १७१२ साली जी टीका लिहिली, तीत ही कथा येते. एकादशीच्या दिवशी एक कृश ब्राह्मण नामदेवांच्या दारी येऊन अन्न मागतो. आज एकादशी, उद्या हवे तेवढे घ्या, असे नामदेव सांगतात. दोघेही हट्टाला पेटतात, आणि अखेर तो ब्राह्मण भुकेने तेथेच प्राण सोडतो. नामदेव त्याचे प्रेत घेऊन चितेवर चढतात. तेव्हा देव हसून आपले रूप प्रकट करतो. निष्ठेची कसोटी, असे कथेचे तात्पर्य सांगितले जाते.

वर उल्लेखिलेल्या कहाण्या जिच्या कानावर आहेत, त्या मराठी श्रोतीला ही कथा सरळ पचणार नाही. म्हातारीने राजाची दवंडी मोडून वासरांना पाजले. येथे भक्ताने व्रत राखून अतिथीला मरू दिले. शनिवारच्या धाकट्या सुनेपुढे जी परीक्षा होती तीच नामदेवांपुढे आहे, आणि त्यांनी दिलेले उत्तर नेमके उलटे आहे. तरीही दोघांनाही देव पावतो. यात विसंगती आहे, आणि ती कथाकाराला जाणवलेली आहे. नाहीतर चितेचा प्रसंग आणण्याचे कारण नव्हते. व्रत पाळण्यात काही चुकलेच नसेल, तर प्रायश्चित्त कशाचे? नामदेवांना मृताबरोबर जळावयास सिद्ध करून कथाकार ज्या दोषाची कबुली देतो, तोच देवाच्या हास्याने पुसून टाकतो. याच टीकेत नामदेवांची दुसरीही कथा आहे. एका धनिकाच्या तुलादानाला नामदेव तुळशीच्या पानाने तोलतात. पानावर रामनामाचे अर्धेच अक्षर, आणि धनिकाचे सारे धन, त्याच्या व्रतांचे व दानांचे पुण्यही पारड्यात टाकले तरी ते पान भारी ठरते. जो भक्त व्रताचे पुण्य एका पानापेक्षा हलके दाखवतो, तोच व्रतासाठी अतिथी गमावतो. दोन्ही कथा एका हातच्या वाटत नाहीत. पहिलीत निबंधकारांची एकादशी बोलते, दुसरीत वारकऱ्यांचे नाम.

जनाबाईंच्या आख्यायिकांत हा पेचच निर्माण होत नाही. गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरात दामाशेटींच्या घरी दासी म्हणून वाढली. दान देण्याजोगे तिच्यापाशी काही नाही, आणि दान मागण्यासाठी ती कोणाच्या दारातही उभी नाही. ती दळते, कांडते, पाणी भरते, गोवऱ्या वेचते. कहाणीत देव भुकेल्याचे रूप घेऊन दाराशी येतो, तो देणाऱ्याची परीक्षा पाहण्यासाठी. जनाबाईकडे येतो, तो जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लावण्यासाठी. सहस्रभोजनाचे पीठ कोणी दळले, हा प्रश्न शुक्रवारच्या कहाणीने विचारला नाही. गाभाऱ्यात ओतलेल्या दुधाची धार कोणी काढली, हेही सोमवारच्या कहाणीत नाही. व्रतकथांची नायिका गरीब असली, तरी ती गृहिणी आहे. तिच्या हाती रिकामे का होईना, आपल्या मालकीचे मडके आहे. जनाबाईच्या हाती तेही नाही.

म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने कहाण्यांच्या शेजारी जात्यावरच्या ओव्या ठेवून वाचणे अगत्याचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून लाखावर ओव्यांचे संकलन झालेले आहे. ‘उपास’, ‘उपाशी’ आणि ‘फाका’ हे तीन शब्द त्यांत कोणत्या क्रियापदांबरोबर येतात, कोण उपास धरते आणि कोणाला तो पडतो, याची मोजदाद केली, तर प्रस्तुत विवेचनातील काही विधाने दुरुस्त करावी लागतील. अशीच नोंद १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणींचीही घेता येईल. मराठवाड्यात त्या आठवणी आजही ‘दुष्काळी काम’, ‘सुकडी’ आणि ‘मिलो’ याच शब्दांनी सांगितल्या जातात. पहिला शब्द मजुरीचा आहे आणि उरलेले दोन निव्वळ खाद्याचे. देणाऱ्याचे नाव किंवा घेणाऱ्याची पात्रता त्यांपैकी एकाही शब्दात आलेली नाही.